मामांचं तोंड टीव्हीकडे

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. हातात कप धरून हा किस्सा ऐकायचा नसतो. मागच्या वेळी आमच्या दत्तानं निम्मा चहा पांढऱ्या शर्टावर सांडून घेतला आणि वर मलाच शिव्या घातल्या. आणि हसू आलं तर खुशाल हसा, मला आता त्याचं काही वाटत नाही. माणसानं एकदा इतका मोठा गाढवपणा केला ना, की मग लाज वगैरे सगळं मागे पडतं.

तर मी जिल्हा परिषदेचा मास्तर. राहायला माजलगावात, शाळा तिथून आठ किलोमीटरवर. पण साधा मास्तर नाही हं! तंत्रस्नेही शिक्षक! तालुक्याला दोन दिवस प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र आणलंय, गंमत नाही. आमच्या केंद्रातल्या शाळांमधल्या कुणाचाही मोबाईल अडकला, प्रोजेक्टर रुसला, ऑनलाईन माहिती भरताना चाक गोल गोल फिरायला लागलं, की फोन मला. आणि मी काय सांगायचो? "बंद करून परत चालू करा." पण सांगायचो अशा थाटात, की समोरच्याला वाटावं, मोठ्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली.

स्वभाव मात्र तापट. शाळेत नाही, शाळेत मी गरीब गाय. टीव्हीसमोर बसलो की अंगात येतं. पंच चुकला की मी उभा राहतो, झेल सुटला की उशी जाते. आमची शोभा, म्हणजे आमचं कुटुंब, मॅच असली की काचेच्या वस्तू आधीच आत नेऊन ठेवते.

आता मॅच बघणं तरी पूर्वीसारखं सोपं राहिलंय का? तुम्हीच सांगा. आमच्या लहानपणी क्रिकेट बघायला काय लागायचं? एक टीव्ही आणि छपरावर एक माणूस. तो अँटेना फिरवायचा, खालून आपण ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! थोडं मागं!" एवढ्यावर अख्खा विश्वचषक व्हायचा. मग केबल आली. मग डिश आली. मग डिशमध्ये कार्ड आलं, कार्डात पॅक आला आणि खेळाचा पॅक वेगळा! तेही शिकलो. तेवढ्यात म्हणाले, आता मॅच ॲपवर. बरं, ॲप घेतलं, तर क्रिकेट या ॲपवर आणि कबड्डी त्या ॲपवर. मग दोन्ही ॲपनी आपसात लग्न केलं, नाव बदललं, आणि जुन्यावर हात लावला तर म्हणे नवीन घ्या. अहो, भारताचा संघ कोण आहे ते शोधायला लागत नाही, पण तो दिसणार कुठं, ते शोधण्यात नाणेफेक होऊन जाते.

आमच्या घरी मोठा टीव्ही आणि हे ॲप आलं कसं, ते पण सांगतो, कारण माझ्या फजितीचं मूळ तिथंच आहे.

मागच्या अधिक महिन्यात सासरवाडीला धोंडे जेवायला गेलतो. सासरवाडी माझी शिरूर कासारकडची. सासरे, म्हणजे आमचे मामा, आणि सासू, म्हणजे मामी, दोघंही ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर साताऱ्याकडं निघतात, ते थेट उन्हाळ्यातच परत. तर अशा माणसांनी धोंड्याला जावयासमोर काय आणून ठेवावं? टीव्ही! मी आपला, "कशाला मामा, कशाला एवढं," असं म्हणत होतो आणि एका डोळ्यानं खोक्यावर किती इंची आहे ते बघत होतो. खोटं कशाला बोलू!

त्याच टीव्हीवर हे ॲप चालू करायचं काम माझ्या मेव्हणीनं केलं. मेव्हणी रेखा, शोभाची धाकटी बहीण. तिनं विचारलं, "दाजी, तुमचा नंबर सांगा, खातं उघडते." माझ्या तोंडात तेव्हा पुरणाचा धोंडा. मी हातानंच खुणावलं, तुझाच टाक. तिनं तिचा टाकला, वर्षभराचं सगळं भरलं. तेव्हापासून ते खातं मी माझंच समजून वापरत आलो.

रेखाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मामा-मामी उसाच्या फडावर गेले की ही पोरगी आमच्याकडं राहायची. सहावीपासून. कबड्डीचं वेड तिला आमच्या इथल्या मैदानावर लागलं. पहाटे साडेपाचला मी तिला मोटरसायकलवर सोडायचो आणि कुडकुडत कडेला बसायचो. गुडघे फुटले की हळद मी लावायचो, कारण शोभाला रक्त बघवत नाही. पोरगी डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि चढाईला आलेलीचा घोटा असा धरायची, की सुटायचं नावच नाही. तालुका झाला, जिल्हा झाला, आणि या वर्षी महाराष्ट्राच्या संघात नाव आलं. आता गंमत बघा, कबड्डीचा मोसम आणि उसाचा मोसम एकच. पोरगी इतकी वर्षं खेळतेय, पण आईबापानं तिचा एकही सामना पाहिलेला नाही. एकही नाही.

आणि या वेळी राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्यांदाच ॲपवर दिसणार होता. रविवारी दुपारी. शोभानं मला हे तीन वेळा सांगितलं होतं. तीन वेळा! मी तिन्ही वेळा "हां, हां" म्हणालो होतो. कारण त्याच रविवारी, त्याच दुपारी भारताची क्रिकेट मॅच होती आणि माझ्या डोक्यात फक्त तेवढीच शिरली होती.

तर रविवार उजाडला. बाराच्या पुढं माझे दोन दोस्त हजर. एक दत्ता, त्याचं खता-बियाणांचं दुकान आहे. दुसरे तांबोळी सर, आमच्याच शाळेतले, क्रिकेटचं सगळं तोंडपाठ असलेले. मी बनियन-लुंगीवर पाय वर घेऊन बसलेलो. आत शोभा भज्यांचं पीठ कालवत होती. मी रिमोट उचलला, ॲप लावलं आणि पडद्यावर आलं, "या खात्यावर एका वेळी दोनच उपकरणं चालतील. दोन आधीच चालू आहेत."

माझं टाळकं सरकलं ना!

"कोण आहेत हे दोन फुकटे?" मी ओरडलो.

दत्ता म्हणाला, "तूच कुणाला तरी पासवर्ड दिला असशील बे. तुला लई हौस, वाटत फिरतो."

"वाटत फिरतो काय? एकदा केंद्रप्रमुखांना दाखवलं होतं, आणि एकदा त्या कटिंगवाल्याला."

"झालं तर मग! कटिंगवाल्यानं निम्म्या माजलगावाला दिला असंल."

तांबोळी सर घड्याळ बघत म्हणाले, "सर, पाच मिनिटांत पहिला चेंडू पडेल. काही करा."

करणार! तंत्रस्नेही माणूस होतो मी! सेटिंगमध्ये शिरलो. तिथं एक बटण होतं, "इतर सर्व उपकरणं बाहेर काढा." खाली काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते वाचायला वेळ कुणाला? दाबलं. दोन्ही फुकटे एका दमात बाहेर! पडदा उघडला, मैदान दिसलं, आणि मी असा काही छाती काढून बसलो, की दत्तानं टाळी दिली.

तिसरं षटक चालू असेल. माझा फोन वाजला. मामांचा.

"हॅलो, जावईबापू. मी बोलतुय."

"बोला मामा." माझा डोळा टीव्हीवर.

"काय न्हाई, सहज केलता. बरे हायेत ना समदे?"

"बरे आहेत."

"शोभा बरी हाय?"

"बरी आहे मामा, भजी करतेय."

"बरं बरं." मग जरा थांबले. "तुमच्याकडं लाईट हाय का?"

"आहे की."

"आन् ते रेंज?"

"फुल्ल आहे एकदम."

"हां... म्हंजी टीव्ही-बीवी चालू असंल."

"मस्त चालू आहे! अहो मामा, मघाशी बंद पडला होता. खात्यात दोन फुकटे घुसले होते. दिले हाकलून दोघांनाही!"

पलीकडं फोन स्पीकरवर असावा. मागं कुठंतरी बायामाणसांचा गलबला चालू होता, तो एकदम थांबला.

"दिले का हाकलून?" मामांनी हळूच विचारलं.

"मग! लोकांना लाजच राहिली नाही मामा. दुसऱ्याच्या जिवावर फुकट बघायचं म्हणजे काय!"

"व्हय, व्हय. बरं केलं तुमी. लई माजलेत लोक."

"तुमचं काही काम होतं का?"

"काय न्हाई, काय न्हाई. बघा तुमी निवांत. ठिवतो."

आणि ठेवला. मी दोस्तांना म्हणालो, "बघा, किती साधा माणूस. नुसतं खुशाली विचारायला फोन करतात." मला खरंच भरून आलं होतं हो!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शोभा बाहेर आली. दोन्ही हात बेसनानं माखलेले आणि कोपरानं मोबाईल छातीशी धरलेला.

"अहो, हे बघा की काय झालं. मसाल्याच्या डब्याला मोबाईल टेकवून ठिवलाता, रेखाचा सामना लागायचाय म्हणून. मगापासून नुसतं नंबर टाका, नंबर टाका म्हणतंय."

एक फुकटा सापडला होता. माझ्याच घरात, माझ्यासाठी भजी तळत.

"म्हणजे ते... दुसरं उपकरण..." मी चाचरलो.

"दुसरं नानांचं," शोभा म्हणाली. शोभा तिच्या वडिलांना नाना म्हणते. "दिवाळीत जायच्या आधी रेखानं त्यांच्या मोबाईलवर करून दिलंय. आज त्यांनी अर्ध्या दिवसाचा खाडा केलाय. नुसत्या त्यांनी न्हाई, अख्ख्या टोळीनं कोयते खाली ठिवलेत. ट्रॉलीला मोबाईल बांधून बसलेत समदे, सकाळपासून. काहून? काय झालं तुमाला? असे काहून बघायलात?"

दत्ता भज्याच्या रिकाम्या ताटलीकडं बघायला लागला. तांबोळी सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेवटी सगळं मीच सांगितलं, फोनसकट.

शोभा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बेसनाचा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "ज्यांनी टीव्ही दिला, त्यान्लाच फुकटे म्हणालात. आन् नाना तुमाला व्हय व्हय म्हणाले."

खरं सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी रिमोटसकट आत गेलो असतो.

पण आता रडून काय होणार? सामना सुरू व्हायला दहा मिनिटं. मामांचा मोबाईल परत जोडायचा तर रेखाच्या नंबरवर ओटीपी जाणार, आणि रेखाचा मोबाईल प्रशिक्षकबाईंच्या पिशवीत बंद. ती तिकडं मैदानावर अंग मोकळं करत असेल. दत्ता म्हणाला, "नवीन खातं काढ." काढलंही असतं, पण मामांना मोबाईलवर फक्त एकच गोष्ट येते, हिरवं बटण दाबून फोन लावणं नाहीतर उचलणं. त्यांना इथून समजावून सांगेपर्यंत सामना संपून बक्षीस वाटप झालं असतं.

"व्हिडिओ कॉल!" मी ओरडलो. "आपल्या टीव्हीवर कबड्डी लावतो आणि मोबाईलमधून त्यांना टीव्ही दाखवतो!"

"आन् क्रिकेट?" दत्ता.

"गेलं खड्ड्यात!"

हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं. तांबोळी सर दचकले.

आता मी काय काय केलं, ते नीट ऐका. टीव्हीवर कबड्डी लावली. आवाज मोठा केला. मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी उचलला. मोबाईलमध्ये मामा, मामी, मागं सगळी टोळी दाटीवाटीनं. फेटे, पदर, आणि मागं उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्यांचा, ढीग. मी म्हणालो, "मामा, तुमच्याकडं ॲप चालत नाही असं कळलं. मी इथून टीव्ही दाखवतो."

"कशाला तरास जावईबापू."

"त्रास कसला!" फुकट्यांचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी कॅमेरा बदलायचं बटण दाबलं. म्हणजे माझ्या तोंडाऐवजी मोबाईलच्या पाठीकडचं दिसायला लागतं, ते. झकास! बरोबर दाबलं. मग माझ्या लक्षात आलं, की मोबाईलच्या पडद्यावर मामा-मामी माझ्याकडं तोंड करून बसलेत. म्हणजे त्यांची टीव्हीकडं पाठ! घरी आलेल्या पाहुण्याला टीव्हीकडं पाठ करून बसवतं का कुणी? म्हणून मी मोबाईल उलटा केला आणि मामांचं तोंड नीट टीव्हीकडं करून धरला.

हसू नका हो लगेच! त्या गडबडीत तुम्हीही तेच केलं असतं.

सामना सुरू झाला. रेखा राखीव खेळाडूंत, बाकावर. पूर्वार्धात आपल्या पोरी मागं पडल्या, सगळ्या बाद होऊन लोण बसला. मी एका हातात मोबाईल समोर धरलेला, दुसऱ्या हातानं कपाळ बडवतोय. "अगं पुढं कशाला जातेस! मागं ये, मागं!" पंचानं एक बोनस दिला नाही, मी पंचाच्या सात पिढ्या काढल्या. मग आठवलं, सासू-सासरे ऐकतायत. जीभ चावली.

गंमत म्हणजे तिकडून मधूनच हशा यायचा. इकडं आपली खेळाडू बाद होतेय आणि तिकडं टोळी खदाखदा हसतेय! मी दत्ताला विचारलं, "हे हसतात कशाला?" दत्ता म्हणाला, "नेट मागं असंल त्यांचं. मगाचं बघत असतील."

पटलं मला. हात भरून आला, तसा मी हात बदलला. तो भरून आला, परत पहिला. दत्ता म्हणाला, "दे, मी धरतो." मी म्हणालो, "नको." माझं पाप होतं, मीच फेडणार.

शेवटची सात मिनिटं राहिली आणि प्रशिक्षकबाईंनी रेखाला आत पाठवलं. अहो! ती मैदानात आली, वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी ओरडलो, "मामी! आली बघा! डाव्या अंगाला, ती बारकी! दिसली का?"

तिकडून मामीचा आवाज आला, "व्हय व्हय, चालू द्या तुमचं."

पहिली चढाई, रेखानं घोटा धरला. सुटला. मी मटकन खाली बसलो. दुसरी, धरला, ओढला, गुण! मी उठून नाचलो. क्रिकेटशिवाय दुसरा खेळच नाही म्हणणारे तांबोळी सर सोफ्यावर उभे राहून "धर! धर!" करत होते. शोभा बेसनाचे हात तसेच हवेत धरून उभी. कढईतली भजी कोळसा झाली, कुणाला पत्ता नाही.

शेवटची चढाई. तोवर पोरींनी सगळं भरून काढलेलं, एका गुणाची आघाडी आपली. समोरची धिप्पाड पोरगी चढाईला आली, आणि आपल्या मैदानात तीनच जणी. ती डावीकडं वळली. एक पाय पुढं टाकला. आणि आमच्या रेखानं जी झेप घेतली, ती घोटा धरूनच खाली आली. ती पोरगी फरफटत रेषेकडं निघाली, रेखा तिच्या पायाला लटकलेली. एक वीत राहिली रेषेला. एक वीत! मी श्वास घेतला नाही. पंचाची शिट्टी वाजली, आणि पंचाचा हात आपल्या बाजूला वर!

मग मला काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. मी शड्डू ठोकला, लुंगी सुटता सुटता सावरली, "माझं लेकरू! माझं लेकरू!" असं काहीतरी ओरडलो आणि ढसाढसा रडायला लागलो. पहाटेचं ते मैदान आठवलं, हळदीची वाटी आठवली. बनियनच्या टोकानं डोळे पुसले, नाक पुसलं. मोबाईल मात्र खाली जाऊ दिला नाही. मामा-मामीला बघू दे, म्हणलं, डोळे भरून.

शेवटी मोबाईल माझ्याकडं वळवला. पडद्यावर टोळीतल्या सगळ्यांचे डोळे ओले. कुणी हसतंय, कुणी पदरानं डोळे टिपतंय, कुणाचं दोन्ही चाललंय.

"दिसली ना मामा रेखा?"

मामा इकडंतिकडं बघायला लागले. "दिसलं की. समदं दिसलं."

मागून एक बाई बोलली, "कुठं दिसली वो? आमाला तर..."

"गप गं!" मामीनं तिला दाबलं. "जावई हायेत ते!"

शोभाला शंका आली. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, आधी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमी मोबाईल कसा धरलाता?"

मी धरून दाखवलं.

"आन् कॅमेरा?"

"तो आधीच फिरवला होता ना."

"म्हंजी कॅमेरा बी फिरवला, आन् मोबाईल बी फिरवला?"

दत्तानं तोंडात रुमाल कोंबला. आणि माझ्या डोक्यात एकदम सगळा उजेड पडला. चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं मी साताऱ्याच्या फडावर थेट प्रक्षेपित होत होतो. माझं तोंड. माझं बनियन, ज्याला काखेत भोक आहे. माझा शड्डू, माझी लुंगी, माझं नाक! रेखा एक क्षणही दिसली नव्हती त्यांना. ते नुसता आवाज ऐकत होते आणि मला बघत होते.

"मामा!" मी रडकुंडीला आलो. "अहो, मग सांगायचं ना!"

मामा खाली मान घालून म्हणाले, "आता जावयाला कसं म्हनावं, की तोंड बाजूला करा?"

शोभानं कॅमेरा माझ्याकडं धरला. मी कान धरले, खरंच धरले, सगळ्या टोळीसमोर. म्हणालो, "मामा, ते फुकटे म्हणजे तुम्ही आणि शोभा होता. चूक माझी. तुम्ही एवढा खाडा केला आणि पोरीचा खेळ माझ्यामुळं बुडाला."

"मला तवाच कळलंता," मामा म्हणाले. "जाऊ द्या. व्हतंय."

मग मामी पुढं आली. पदर डोळ्याला लावलेला. म्हणाली, "जावईबापू, खरं सांगू का? मला लई घोर असायचा. एवढीशी पोर लोकाच्या दारात टाकून आमी कोयता घिऊन जातो, तिला कोन जीव लावत असंल? शोभा हाय, पर शोभाला बी तिचा संसार. आज तुमचं तोंड बघितलं आन् घोर गेला बघा माजा. पोर पडली की तुमाला लागत व्हतं. जिकली तवा तुमी रडले. मला पोरगी न्हाई दिसली, पर तिला माया किती हाय ते दिसलं."

आता यावर माणसानं काय करावं? मी परत रडलो. या वेळी कॅमेरा बरोबर होता.

संध्याकाळी रेखाला मोबाईल मिळाला. तिला सगळं सांगितलं, तिनं ओटीपी पाठवला, शोभानं मामांना फोनवर धरून धरून जोडून दिलं, आणि टोळीनं ट्रॉलीजवळ बसून सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पोरीचं तोंड, पोरीची पकड, सगळं. मामीनं म्हणे शेवटची पकड चार वेळा मागं नेऊन पाहिली. माझा जीव भांड्यात पडला. म्हणलं चला, झालं गेलं मिटलं, आता ते माझं तोंड विसरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाचा फोन आला. मी अभिनंदन करणार, तेवढ्यात तीच फणकारली, "दाजी, मी बोलत न्हाई तुमच्याशी."

"का गं? काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारता! एवढं सुवर्णपदक गळ्यात घालून फडावर फोन केला, मायला विचारलं, बघितला ना माझा सामना, कसा झाला? तर माय म्हणती, 'चांगला झाला बाई. पर दुपारी जावयाचा झाला, तसा न्हाई रंगला.'"